अडीच सीसी

तीस वर्षं मिरज डेपोत
मी बसच्या पोटात हात घालून काढली.
सहा सिलेंडर, माणूसभर लांबी,
उचलायला साखळी आणि चार जण.
आता शोधतोय ते मुठीत मावतं.

ऐनापुरे सरांचं विमान. बाहत्तर साली बांधलेलं.
पंखांवरचा कागद पापडासारखा वाजतो.
रेडिओला एकच बटण:
एकदा दाबलं की डावं, दोनदा दाबलं की उजवं,
सरळ जायचं असेल तर काही करू नये.
सरांचं गणित मला कधी कळलं नाही,
हे कळलं.
नाकाच्या जागी चार भोकं
आणि कुणीतरी कोंबलेली चिंधी.

कुपवाडला भूपाल मगदुमानं वर्नियर लावला.
"अडीच सीसी असणार. नवं करून देतो म्हणलं असतं,
पण असला पिस्टन बसवायला
माझे वीस वर्षांपूर्वीचे डोळे आणा."

शंभर फुटी रोडच्या भंगारात
फवारणी पंपांची इंजिनं पडलेली,
द्राक्षबागांतून दमून आलेली, मोरचुदानं निळी.
दस्तगीर म्हणाला, "बारीक पाहिजे ना?"
आणि शिलाई मशीनची मोटर हातात ठेवली.
घेतली मी. नको म्हणवेना.

विट्याच्या एका गलाईवाल्याकडे होतं खरंखुरं,
शाफ्ट मोडलेलं,
त्यानं किंमत तोळ्याच्या भावानं सांगितली.

आणि सापडलं कुठं, तर सतारमेकर गल्लीत.
नातीच्या सतारीची तार बदलायला गेलो होतो.
गौसभाईंच्या ओट्यावर एक सतार आडवी,
गळ्याशी नुकतंच चिकटवलेलं पांढरं पान,
आणि पानावर, दाब म्हणून,
पंख्यांच्या चकत्या, सुई, वर टी-आकाराचा स्क्रू,
सगळं एरंडेलानं गोठून काळं.
"हे?" मी म्हणालो.
"वजन आहे. अब्बांच्या वेळेपासून."

विकायला तयार होते. पण वजनाचं काय?
जास्त झालं तर पान तडकतं, कमी झालं तर कड उठते.
सोनाराच्या काट्यावर नेऊन तोललं: एकशे अडतीस ग्रॅम.
पुन्हा कुपवाड. भूपालनं पितळेचा गट्टू फिरवला,
शेवटचे दोन ग्रॅम पॉलिश पेपरनं उतरवले,
आणि पैसे विचारले तर चिडला.

चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं.
रॉकेल मिळवायलाच नऊ दिवस गेले.
ईथर दिलं शमुवेल आवळ्यांनी, जुने कंपाउंडर,
बाटली देताना म्हणाले, "हुंगू नका,
हुंगलात तर मोजत राहा, मी दहापर्यंत मोजून घ्यायचो पेशंटकडून."
ईथर, रॉकेल, एरंडेल. तिन्ही सारखं.

चारपैकी दोनच भोकं जुळली.
फळीवर बांधलं. पंखा फिरवला.
बोट सोलवटलं. पुन्हा फिरवला.
सकाळभर नुसतं फुस्स, आणि एकदा उलटं फिरून
माझ्याच शर्टावर थुंकलं.
अख्ख्या लेलँडला मी कानावर पकडायचो.
हे बारकं माझं ऐकेना.

गौसभाई बघायला आले होते, उन्हात, छत्री घेऊन.
जरा वेळ थांबले. म्हणाले, "सरका."
टी-स्क्रूला दोन बोटं लावली,
खुंटीला लावतात तशी,
आणि मला म्हणाले, "आता फिरवा."
धरलं त्यानं.
फाटका, भांडखोर आवाज.
त्यांनी मान कलती केली, स्क्रू केसभर आवळला,
आवाज चढला, एका ठिकाणी आला आणि तिथंच बसला.
"काळी चार," ते म्हणाले. "थोडी उतरती. गरम झालं की येईल."

टाकीत एवढंसंच होतं. दीड मिनिट चाललं.
मग कावळे ऐकू आले, आणि हॉस्पिटलची गाडी.

विमान अजून उडालेलं नाही.
कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर न्यायचंय,
वारा पडला की.
गौसभाई विचारतात, बटण कुणाच्या हातात?
मी सांगितलंय, तुमच्या.
सरळ जायचं असेल तर काही करू नका.